सिंगल मॉल्टच्या बाटलीत पैसे नेमके कशाचे?

ब्रिटनमधल्या एखाद्या सुपरमार्केटात व्हिस्कीच्या फडताळापुढे उभं राहिलं की तीन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. पहिली ब्लेंडेड स्कॉच, वीस पौंडांच्या आसपास. दुसरी बारा वर्षांची सिंगल मॉल्ट, चाळीस पौंडांच्या घरात. तिसरी अठरा वर्षांची, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली, नावाजलेल्या डिस्टिलरीची; हिला तीनशे पौंडही पडू शकतात. तिन्हींत ७०० मिलिलिटर व्हिस्की. तिन्हींची तीव्रता ४० ते ४३ टक्के. तिन्ही स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेल्या, कारण तसा कायदाच आहे. मग पहिली आणि तिसरी यांत पंधरा पटींचा फरक पडतो कुठे?

बहुतेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते कराचं. ते आधी तपासून बाजूला ठेवू.

ब्रिटनमध्ये स्पिरिट्सवरचा अबकारी कर बाटलीची किंमत बघून लागत नाही, आत शुद्ध अल्कोहोल किती आहे ते बघून लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा दर लिटरला ३२.७९ पौंड झाला. ४० टक्क्यांच्या ७०० मिलिलिटर बाटलीत शुद्ध अल्कोहोल ०.२८ लिटर, म्हणजे त्या दराने कर ९.१८ पौंड. बाटली वीस पौंडांची असो वा दोन हजारांची, हा आकडा तोच. त्यावर २० टक्के व्हॅट. हिशोब केला तर वीस पौंडांच्या बाटलीतले साडेबारा पौंड सरकारचे. तीनशेच्या बाटलीत मात्र दोन्ही कर मिळून ५९ पौंड, म्हणजे पाचवा हिस्सा. शिवाय स्कॉटलंडमध्ये दारूला किमान किमतीचं बंधन आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून ४० टक्क्यांची ७०० मिलिलिटरची कुठलीही बाटली तिथे १८.२० पौंडांच्या खाली विकताच येत नाही. थोडक्यात, स्वस्त व्हिस्की आणखी स्वस्त का होत नाही हे करामुळे कळतं. महाग व्हिस्की महाग का, हे कळत नाही.

धान्यापासून पिंपापर्यंत

स्कॉच व्हिस्कीचे नियम २००९ मध्ये एकत्र बांधले गेले. त्यांनुसार सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त पाणी, यीस्ट आणि मोड आणलेली बार्ली (म्हणजेच मॉल्ट) वापरून, पॉट स्टिलमध्ये घाण्याघाण्याने गाळलेली व्हिस्की. एकाच पिंपातली असली पाहिजे अशी अट नाही. त्या डिस्टिलरीची शेकडो पिंपं एकत्र करून एक बाटली भरता येते. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अशा मॉल्टसोबत ग्रेन व्हिस्की असते, आणि स्वस्त ब्लेंडमध्ये तिचाच भरणा जास्त. ग्रेन व्हिस्की गहू किंवा मक्यापासून, उंच स्तंभासारख्या कॉलम स्टिलमध्ये होते. ईनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याची खुबी म्हणजे ते थांबत नाही. एका बाजूने आंबवलेला घोळ जात राहतो, दुसरीकडून जवळजवळ ९४ टक्क्यांचं स्पिरिट येत राहतं.

पॉट स्टिलचं तसं नाही. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायची, दळायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, दोन-तीन दिवस वा त्याहून जास्त आंबवायची. मग आठ-नऊ टक्क्यांचा तो घोळ तांब्याच्या मोठ्या भांड्यात एकदा गाळायचा, दुसऱ्या भांड्यात पुन्हा गाळायचा. दुसऱ्या वेळी पहिली धार वेगळी काढायची, शेवटचीही वेगळी काढायची आणि मधली तेवढी घ्यायची. ही मधली धार साधारण ७० टक्क्यांची. भांडं रिकामं करायचं, भरायचं, पुन्हा तेच. तांबं गंधकाची उग्र द्रव्यं शोषून घेतं आणि त्या नादात स्वतः झिजत जातं, त्यामुळे काही वर्षांनी भांड्याचा पत्रा पातळ होऊन तो बदलावा लागतो.

वेळखाऊ काम आहे, इंधनही भरपूर लागतं. सिंगल मॉल्टच्या जाहिरातींत सगळा भर इथेच असतो: चकाकणारं तांबं, झुळझुळणारा झरा, फावड्याने बार्ली उलथणारा म्हातारा. (बहुतेक डिस्टिलऱ्या मोड आणलेली बार्ली बाहेरच्या कारखान्यांतून आणतात. जमिनीवर पसरून स्वतः मोड आणणाऱ्या थोड्याच. आपली सगळी बार्ली घरीच तयार करणारी कॅम्बेलटाउनची स्प्रिंगबँक तर अपवादच.) पण पैशांचा हिशोब मांडला की हे चित्र जरा फिकं पडतं.

एक टन मॉल्टमधून साधारण ४१० लिटर शुद्ध अल्कोहोल निघतं. ०.२८ लिटरला एक बाटली या हिशोबाने १,४६० बाटल्या. टनाला पाचशे पौंड मोजले असं धरलं तरी बाटलीमागे धान्याचा खर्च चौतीस पेन्स. इंधन, मजुरी, यंत्रांची झीज मिळवा. तरीही भांड्यातून बाहेर पडणारं ते पांढरं स्पिरिट मोठं महाग नसतं. ग्रेन व्हिस्कीपेक्षा महाग, हे खरं. पण चाळीस आणि तीनशे पौंडांचं उत्तर गाळणीघरात मिळत नाही. ते गोदामात आहे.

पिंप

व्हिस्कीचा नैसर्गिक रंग सगळा पिंपातून येतो, चवीचाही मोठा भाग. नियमाने पिंप ओकचंच हवं आणि ७०० लिटरपेक्षा मोठं नको. स्कॉटलंडमध्ये नवीन पिंपं फारशी वापरत नाहीत. आधी दुसऱ्या कुणी वापरलेलीच घेतात. यात त्यांना अमेरिकेच्या कायद्याची मोठी मदत होते. बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्यांना पुन्हा बर्बनसाठी कामाचं उरत नाही. दोनशे लिटरची ही पिंपं बोटी भरभरून स्कॉटलंडला येतात आणि तुलनेने स्वस्त पडतात.

शेरीच्या पिंपाची गोष्ट उलटी. एकेकाळी स्पेनमधून शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची, तिथे बाटल्यांत भरली जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाले उचलायचे. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा साठा आटला. आता जेरेझ भागात व्हिस्कीवाल्यांसाठी मुद्दाम पिंपं बनवून घेतात, त्यांत दीड-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात आणि ती काढून पिंप स्कॉटलंडला पाठवतात. ती शेरी प्यायला क्वचितच वापरतात. म्हणजे हे पिंप जुनं, टाकाऊ वगैरे काही नाही. मुद्दाम बनवून घेतलेला माल आहे आणि बर्बनच्या पिंपाच्या कित्येक पट किमतीचा. लेबलावर शेरी ओक दिसलं आणि भाव चढलेला असला तर त्यातला काही भाग खरोखरच लाकडाचा असतो.

थांबण्याचा खर्च

लाकूड श्वास घेतं, म्हणून आतलं द्रव दरवर्षी थोडं उडून जातं. डिस्टिलरीवाले याला एंजल्स शेअर म्हणतात, देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळीकडे मुरत असलेल्या मालाचा विचार करा: स्कॉटलंडच्या गोदामांत दोन कोटींहून जास्त पिंपं आहेत.

एका पिंपापुरता हिशोब करून बघू. २५० लिटरचं पिंप, भरताना तीव्रता ६३.५ टक्के. आत शुद्ध अल्कोहोल जवळजवळ १५९ लिटर, म्हणजे त्याच दिवशी बाटल्या भरल्या तर ५६७ निघतील. बारा वर्षांनी उरतील ४४५. अठरा वर्षांनी ३९४. पंचवीस वर्षांनी ३४२. तीस वर्षांनी ३०९.

आता दुसरी बाजू, व्याजाची. स्पिरिट आणि पिंप मिळून समजा १,००० पौंड गुंतले. हे पैसे अडकून पडले आहेत. कर्जाचे असोत वा स्वतःचे, त्यांना किंमत आहे. सहा टक्के धरू. बारा वर्षांत हजाराचे दोन हजार होतात, पंचवीस वर्षांत चार हजार तीनशे, तीस वर्षांत पाच हजार सातशे. एकीकडे रक्कम फुगते, दुसरीकडे माल आटतो, आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. बाटलीमागचा खर्च पहिल्या दिवशी पावणेदोन पौंड होता, तो बाराव्या वर्षी साडेचार होतो, अठराव्या वर्षी सव्वासात, पंचविसाव्या वर्षी साडेबारा, तिसाव्या वर्षी साडेअठरा. एक सवलत मात्र आहे. माल बंधक गोदामात असेपर्यंत अबकारी कर भरावा लागत नाही आणि उडून गेलेल्या वाट्यावर तो लागतच नाही. देवदूत करमुक्त पितात.

हजार पौंड आणि सहा टक्के हे माझे मानलेले आकडे आहेत. शेरीचं महाग पिंप घ्या, गोदामाचं भाडं, विमा, अधूनमधून पिंपं तपासणारी माणसं, गळकी पिंपं दुरुस्त करणारे पिंपकार हे सगळं मिळवा. हवं तर खर्च दुप्पट धरा. बारा वर्षांच्या बाटलीला नऊ पौंड होतील. चाळीस पौंडांतून व्हॅटचे पावणेसात आणि अबकारीचे सव्वानऊ काढले की चोवीस उरतात. त्यात हे नऊ, काच, बूच, खोकं, वाहतूक, वितरक, दुकानदार आणि जाहिरात बसवायची. नफा आहेच, पण लूट म्हणता येणार नाही. बारा वर्षांच्या सिंगल मॉल्टची किंमत बऱ्यापैकी खर्चाच्या धाग्याला धरून असते.

तीस वर्षांची बाटली या गणिताने, दुप्पट धरूनही, सदतीस पौंडांत तयार होते. बाजारात तिचे शेकडो, नावाजलेल्या डिस्टिलरीची असेल तर हजारो पौंड पडतात. मधली दरी धान्याने, तांब्याने, लाकडाने, व्याजाने, कशानेच भरत नाही.

जुगार

ही दरी भरते एका साध्या अडचणीने: मागे जाऊन माल वाढवता येत नाही. आज अठरा वर्षांच्या व्हिस्कीला मागणी आली तर तिचं उत्पादन अठरा वर्षांपूर्वी ठरून गेलेलं असतं. तेव्हा कुणीतरी टेबलाशी बसून अंदाज केला असतो की इतक्या वर्षांनी जगात किती लोक ही पितील. आणि हे अंदाज सपाटून चुकतात.

१९७० च्या दशकात स्कॉच कंपन्यांनी मागणी वाढतच राहणार असं धरून भरपूर गाळून ठेवलं. मागणी ढासळली आणि गोदामं भरून राहिली. १९८३ मध्ये तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंपनीने, डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडने, एकापाठोपाठ एक डिस्टिलऱ्यांना कुलपं लावली. त्यांत इस्ले बेटावरची पोर्ट एलन होती आणि उत्तरेकडची ब्रोरा. तेव्हा यांचं नाव सामान्य गिऱ्हाइकाला माहीतही नव्हतं, कारण माल जवळपास सगळा ब्लेंडमध्ये जायचा. ग्लेनफिडिख डिस्टिलरीने १९६३ मध्ये आपली मॉल्ट स्वतंत्रपणे स्कॉटलंडबाहेर विकायला काढली, त्याआधी सिंगल मॉल्टचा बाजार असा नव्हताच. पोर्ट एलनची पिंपं गोदामात पडून राहिली. २००१ पासून मालक कंपनी दरवर्षी त्यांतला थोडा थोडा माल बाटलीत भरून विकू लागली. सुरुवातीला शंभर-दोनशे पौंडांत मिळणारी ही बाटली दीड दशकात हजारांवर गेली. ज्या मालाला ब्लेंडवाल्यांनी फालतू ठरवून डिस्टिलरी बंद केली, तोच हा माल. तो मधल्या काळात सुधारला असेलही, पण दहापट नक्कीच नाही; वाढलं होतं ते फक्त दुर्मीळपण. भाव इतका चढला की कंपनीने दोन्ही डिस्टिलऱ्या नव्याने बांधून सुरू केल्या, ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये. त्यांच्या नव्या स्पिरिटलाही वाट बघावीच लागणार आहे.

जपानात हेच उलट्या बाजूने घडलं. तिथे व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमारास शिखरावर होता, मग जवळजवळ पंचवीस वर्षं तो उतरत गेला. साहजिकच गाळणं कमी झालं. पुढे सोड्यात मिसळलेल्या हायबॉलची लाट आली, परदेशांत बक्षिसं मिळाली, जगभरातून मागणी आली, आणि गोदामात जुनी पिंपं नाहीत. २०१८ मध्ये सनटोरी या कंपनीला आपल्या हाकुशू १२ या बारा वर्षांच्या सिंगल मॉल्टची विक्री थांबवावी लागली. कारखाना चालू, गिऱ्हाईक दारात, तरी विकायला माल नाही. इतर कुठल्या धंद्यात ही वेळ इतक्या सहज येत असेल असं वाटत नाही.

जुन्या पिंपांना आणखी एक धोका असतो. स्कॉटलंडच्या दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे वर्षागणिक तीव्रता उतरत जाते. ती ४० टक्क्यांखाली गेली की कायद्याने ते द्रव स्कॉच राहत नाही. काही पिंपं लाकडाचा कडवटपणा इतका ओढून घेतात की पिण्यालायक उरत नाहीत. चाळिशी गाठणारी पिंपं म्हणजे भरलेल्यांतली मोजकी वाचलेली. म्हणूनच जास्त वय म्हणजे जास्त चांगली व्हिस्की, ही समजूत मला पटत नाही. वय दुर्मीळपणा सांगतं. चवीची हमी देत नाही.

शिखरावरचा भाव तर व्हिस्कीचा उरतच नाही. मॅकॅलन डिस्टिलरीने १९२६ मध्ये भरलेल्या एका पिंपातून, क्रमांक २६३, साठ वर्षांनी १९८६ मध्ये अवघ्या ४० बाटल्या निघाल्या. त्यांतली इटालियन चित्रकार व्हॅलेरिओ आदामीचं लेबल असलेली एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात २१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. ती फोडून कुणी ग्लास भरेल याची शक्यता शून्याच्या जवळ. हा चित्रांच्या, हिऱ्यांच्या बाजारासारखाच एक बाजार. पण त्याची सावली खाली फडताळावरच्या बाटल्यांवर पडते: ज्या डिस्टिलरीच्या नावाला लिलावात वजन आलं, तिची साधी अठरा वर्षांचीही शेजारणीच्या दुप्पट-तिप्पट भावाने विकली जाते. लाकडी पेटी, स्फटिकाचा डिकँटर, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, हे त्याच सावलीचे अलंकार.

उष्ण देशांत व्हिस्की लवकर मुरते, मग ती स्वस्त का नाही? बंगळूरची अमृत किंवा तैवानची कवालान चार-सहा वर्षांत स्कॉटलंडच्या कितीतरी जुन्या मॉल्टशी टक्कर देतात, हे खरं आहे. पण तिथे देवदूतही तहानलेले असतात. वर्षाला दहा टक्क्यांच्या आगेमागे माल उडतो. अकरा टक्के धरले तर सहा वर्षांत निम्मं पिंप रिकामं. व्याज वाचतं, माल जातो.

लेबल वाचताना

जुना साठा कमी पडू लागला तसा स्कॉच कंपन्यांनी वेगळा मार्ग काढला: लेबलावरून वयच काढून टाकलं. नियम असा की वय लिहायचं तर मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं लिहावं लागतं. वीस वर्षांच्या पिंपांत एक सहा वर्षांचं मिसळलं तर बाटली सहा वर्षांची. वय न लिहिलं की तरुण आणि जुनी पिंपं हवी तशी मिसळता येतात. यात काही उत्तम व्हिस्की आहेत; आर्डबेगची ऊगाडल मी कुठल्याही अठरा वर्षांच्या बाटलीशेजारी ठेवीन. पण पाच-सहा वर्षांचं स्पिरिट भारदस्त गेलिक नावाखाली जुन्याच्या भावाने खपवणंही यातूनच सोपं झालं. वय नाही आणि भाव साठ पौंडांच्या वर, असं दिसलं तर तो भाव बहुधा नावाचा.

पैसे कुठे वसूल होतात असं विचाराल तर माझं मत दहा ते सोळा वर्षांच्या टप्प्याला. तिथे तुम्ही मुख्यतः लाकूड, आटलेला माल आणि थांबलेला काळ यांचे पैसे देता. पुढे दुर्मीळपणाचं बिल सुरू होतं. कॅडनहेडसारखे स्वतंत्र बाटलीवाले डिस्टिलऱ्यांची पिंपं विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकतात. तिथे कमी प्रसिद्ध डिस्टिलरीची जुनी मॉल्ट अनेकदा बऱ्या भावात सापडते, कारण जाहिरातीचा बोजा तिच्यावर कमी असतो.

आणि तीव्रतेचा आकडा जरूर बघा, बहुतेक लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमधून ४० टक्क्यांच्या ३५७ बाटल्या होतात, ४६ टक्क्यांच्या ३१०. साधारण ४६ च्या खाली आलेली व्हिस्की थंडीत किंवा बर्फाने गढूळ दिसते, म्हणून ती गार करून गाळतात आणि त्या गाळणीत चवीची काही तेलं जातात. रंग सारखा दिसावा म्हणून कॅरॅमल घालायलाही कायद्याची परवानगी आहे. ४६ टक्के, गार न गाळलेली, रंग न घातलेली असं लेबलावर असेल तर कंपनीने प्रत्येक शंभर लिटरमागे सत्तेचाळीस बाटल्या सोडून दिल्या आहेत, आणि भाव चाळीस-पन्नास पौंडांच्या आतबाहेर असेल तर त्या तुमच्या ग्लासात आल्या आहेत.